पोट आधी की मान आधी?

(घोटी, जि. नाशिक येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीपुढे कापसाची खरेदी आहे, ज्वारीचा भाव आहे, थकलेली कर्जे आहेत. त्यावर बोलणारी मंडळी माझ्यानंतर बोलतील. माझ्याकडे दिलेला विषय वरवर पाहता प्राध्यापकांचा आहे. माणसाला कशाचे मोल वाटते हे मोजता येते का? आणि ज्यांनी जगभर ते मोजले, त्यांच्या मापात कोरडवाहू शेतकरी कुठे बसतो?

विषय प्राध्यापकांचा असला तरी मापाची गोष्ट शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. काटा कसा मारतात ते आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या वर लागली की कागदोपत्री त्या गावात दुष्काळ नसतो, मग शेतात बोंड धरलेले असो वा नसो. कापूस खरेदी केंद्रावर ओलावा आठ टक्के धरून भाव ठरतो, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत कपात लागते आणि बाराच्या वर गेला की गाडी परत. ओलावा मोजणारे यंत्र खोटे बोलते असे नाही. पण काय मोजायचे, कधी मोजायचे आणि त्यावरून निकाल काय काढायचा हे यंत्र ठरवत नाही, माणसे ठरवतात.

आपण आज जिथे बसलो आहोत ती घोटीच बघा. हा भाताचा मुलूख. इगतपुरी तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तुमच्यातले बरेच जण नांदगाव, मालेगाव, येवल्याच्या कोरड्या पट्ट्यातून आलेत, तिथे पाचशेच्या आसपास पडला तरी वर्ष बरे म्हणतात. दोन्हींची सरासरी काढून कोणी जिल्ह्याचा पाऊस सांगितला तर तो आकडा ना इथल्या भाताच्या कामाचा, ना तुमच्या कपाशीच्या. आणि इथल्या पावसाचा आकडा तरी पूर्ण खरे कुठे सांगतो? दारणा, मुकणे, वैतरणा ही धरणे याच तालुक्यातली. तरी चैत्र-वैशाखात इथल्या वाड्यापाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन पाण्याच्या शोधात हिंडतात. धरण उशाला आणि कोरड घशाला. पाऊस मोजला म्हणजे पाणी मोजले असे होत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

चार वाक्यांचे माप

अमेरिकेत रोनाल्ड इंगलहार्ट नावाचे राज्यशास्त्राचे प्राध्यापक होऊन गेले. २०२१ साली ते वारले. १९७० साली पश्चिम युरोपातल्या सहा देशांत लोकांच्या घरी जाऊन प्रश्न विचारण्यात आले. प्रश्न सोपा होता. खाली चार गोष्टी दिल्या आहेत, देशापुढे यातली सर्वांत महत्त्वाची कोणती आणि दुसऱ्या क्रमांकाची कोणती, ते सांगा. चार गोष्टी अशा: देशात सुव्यवस्था राखणे, सरकारच्या महत्त्वाच्या निर्णयांत लोकांना अधिक वाव देणे, भाववाढीशी लढणे आणि बोलण्याचे स्वातंत्र्य जपणे.

सुव्यवस्था आणि भाववाढ या दोन गोष्टी निवडणाऱ्याला त्यांनी भौतिकवादी म्हटले. लोकांना वाव आणि बोलण्याचे स्वातंत्र्य निवडणाऱ्याला उत्तर-भौतिकवादी म्हटले. एक इकडची, एक तिकडची निवडली तर तो मिश्र. शब्द जड आहेत. आपण बोलण्यापुरते पहिल्याला पोटाची बाजू म्हणू आणि दुसऱ्याला मानाची बाजू. पोटाच्या बाजूत नुसती भाकरी नाही, जिवाची आणि मालमत्तेची सुरक्षितताही आली. मानाच्या बाजूत आपला शब्द चालणे, मनाजोगे जगता येणे, निसर्ग राखणे हे सारे आले.

चार वाक्यांवरून माणूस ओळखणे म्हणजे चार शितांवरून भाताची परीक्षा. इंगलहार्ट यांनाही ते कळत होते. म्हणून १९७३ सालापासून त्यांनी बारा गोष्टींची मोठी यादीही वापरली. पुढे १९८१ पासून अशा प्रश्नांचे जागतिक मूल्य सर्वेक्षण सुरू झाले. १९९० पासून त्यात भारतातल्या लोकांनाही प्रश्न विचारले गेले. म्हणजे हे माप फक्त गोऱ्यांच्या देशापुरते नाही, त्याने आपल्यालाही मोजले आहे.

वयाचा फरक की वाणाचा?

१९७० च्या पाहणीत एक गोष्ट डोळ्यांत भरली. साठी-पासष्टी ओलांडलेल्या लोकांत पोटाची बाजू निवडणारे हे मानाची बाजू निवडणाऱ्यांच्या दहापटीहून जास्त होते. महायुद्धानंतर जन्मलेल्या तरुणांत मात्र दोन्ही गट जवळपास बरोबरीला आलेले होते.

इंगलहार्ट यांचे म्हणणे असे. माणसाला ज्याची टंचाई असते त्याचे मोल जास्त वाटते. आणि लहानपणी, जाणत्या वयात येईपर्यंत, जी टंचाई किंवा जी सुबत्ता अंगवळणी पडते तिची छाप जन्मभर राहते. युरोपातल्या म्हाताऱ्यांनी दोन महायुद्धे पाहिली होती, मंदी आणि उपासमार पाहिली होती. त्यांच्या नातवंडांनी भरल्या घरात डोळे उघडले. म्हणून आजोबा भाकरी आणि शांतता मागतात, नातू स्वातंत्र्य मागतो. जुने लोक जातील, नवे येतील, तसा गाजावाजा न होता समाज बदलेल. या बदलाला त्यांनी मूक क्रांती म्हटले आणि १९७७ साली त्याच नावाचे पुस्तक लिहिले.

लगेच शंका निघाली. तरुणपणी सगळेच स्वातंत्र्य मागतात, लेकरेबाळे झाली की सगळेच भाकरीवर येतात. मग हा पिढीचा फरक कशावरून, वयाचा का नाही? मी शेतकीचा पदवीधर, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. शेजारी दोन वावरे आहेत. एकातली कपाशी गुडघ्याएवढी, दुसऱ्यातली कमरेएवढी. हा वाणाचा फरक की पेरणी आगेमागे झाल्याचा? एकदा बांधावर उभे राहून सांगता येत नाही. महिन्याने परत यावे लागते. लहान कपाशी तेवढ्या दिवसांत कमरेला लागली तर फरक वयाचा होता. नाही लागली तर वाणाचा.

इंगलहार्ट यांनी तेच केले. पुढची तीसेक वर्षे तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले. तरुण पिढी चाळिशी-पन्नाशीला आली, तरी आपल्या बापाच्या पिढीसारखी झाली नाही. दोन पिढ्यांतले अंतर बरेचसे टिकून राहिले. मात्र ज्या वर्षी भाववाढ फार झाली त्या वर्षी सगळ्याच पिढ्या थोड्या पोटाच्या बाजूला झुकल्या आणि भाववाढ ओसरल्यावर परत मागे आल्या. जमिनीचा पोत वेगळा आणि त्या दिवसाची ओल वेगळी, तसे हे आहे. पोत पिढीत बदलतो, ओल एका पावसात बदलते. हे काम चिकाटीचे आहे आणि त्याला दाद दिली पाहिजे.

मापातली खोट पहिली: भाववाढ कोणाची?

आता त्या चार वाक्यांतले तिसरे वाक्य परत बघा. भाववाढीशी लढणे. शहरातल्या पगारदाराला हे वाक्य विचारले तर त्याचा अर्थ एकच. भाजी महाग झाली, तेल महाग झाले, ते स्वस्त व्हावे. पोटाचा सवाल आहे, यात शंका नाही.

तेच वाक्य नाशिक जिल्ह्यातल्या कांदेवाल्याला विचारा. भाववाढीशी लढणे म्हणजे काय हे त्याला अनुभवाने माहीत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लागले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उठली. शुल्क मात्र पूर्णपणे एप्रिल २०२५ मध्ये गेले. हे सगळे भाववाढीशी लढण्याच्या नावाने. कापूसवाल्याला विचारा. ऑगस्ट २०२५ पासून डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत परदेशी कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क माफ होते, म्हणजे ऐन वेचणीच्या आणि विक्रीच्या दिवसांत. तेव्हा गिरणीवाल्याची भाववाढीशी लढाई चालू होती आणि कापूसवाला त्या लढाईत मार खात होता.

मग शेतकऱ्याने या वाक्यापुढे खूण करायची की नाही? केली तर तो आपल्याच मालाचा भाव पाडायला संमती देतो. न करावी तर तेल, साखर, खत, डिझेल, औषधे तोही विकतच घेतो. कोरडवाहूत तर असे कितीतरी आहेत की ज्यांची ज्वारी संक्रांतीपर्यंत पुरते आणि पुढे रेशनवर किंवा बाजारावर दिवस काढावे लागतात. शेतकरी एका हाताने विकणारा आणि दुसऱ्या हाताने घेणारा. त्या वाक्यात विकणाऱ्याला जागाच नाही. त्याने खूण केली नाही तर पाहणीवाला वहीत लिहील की याला पोटाची चिंता नाही, हा स्वातंत्र्याकडे झुकलेला आहे. वास्तविक त्याचे पोट त्या वाक्याच्या बाहेर राहिलेले असते.

ही खोट आपण शेतकरीच दाखवतो असे समजू नका. १९९१ साली हॅरोल्ड क्लार्क आणि नितीश दत्त या दोन अभ्यासकांनी युरोपातल्याच आकड्यांवरून हे दाखवले. १९८० च्या दशकात युरोपात भाववाढ कमी झाली आणि बेकारी वाढली. बेकार माणसाला भाववाढीची चिंता नव्हती, कामाची होती. पण यादीत काम हा शब्दच नव्हता. मग तो उरलेल्यातले काहीतरी निवडायचा आणि मापात उत्तर-भौतिकवादी ठरायचा. पोटाला चिमटा बसलेला माणूस पोट भरलेल्यांच्या रकान्यात गेला. पुढे १९९९ साली छापलेल्या एका अभ्यासात काही लोकांना भाववाढीच्या जागी रोजगार हा शब्द घालून प्रश्न विचारला, तर निकाल लक्षात येण्याइतका बदलला.

एक शब्द बदलला की माणसाचे मोल बदलते. पैसेवारी ठाऊक असणाऱ्यांना याचे नवल वाटायला नको.

मापातली खोट दुसरी: दोन्हींतले एकच निवडा

दुसरी खोट जास्त खोल आहे. हे माप म्हणते, आधी कोणते ते सांगा. चारही हवीत असे म्हणायची सोय नाही. १९९४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन अभ्यासकांनी उलट करून पाहिले. क्रम लावायला न सांगता प्रत्येक गोष्ट किती महत्त्वाची हे वेगवेगळे विचारले. तेव्हा दिसले की जो एका बाजूला भरपूर गुण देतो तो दुसऱ्या बाजूलाही देतो. दोन बाजू एकमेकींच्या वैरिणी नाहीत, प्रश्न विचारण्याच्या पद्धतीने त्यांच्यात भांडण लावले होते.

क्रम लावण्यामागे एक शिडी गृहीत धरलेली आहे. खालच्या पायरीवर भाकरी, मधल्या पायरीवर सुरक्षितता, वरच्या पायरीवर मान आणि स्वातंत्र्य. खालची पायरी चढल्याशिवाय वरची दिसत नाही. युरोपातल्या एका काळाला ही शिडी कदाचित लागू पडत असेल. आपल्याकडचा इतिहास मात्र तसा चाललेला नाही.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर जे लोक गेले ते कोण होते? समाजातले सर्वांत गरीब लोक. २ मार्च १९३० रोजी आपल्या नाशिकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्यात गावोगावचे लोक आले, बाया आल्या. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी दुसऱ्या दिवसाच्या भाकरीची खात्री नव्हती. शिडीच्या हिशेबाने त्यांनी आधी ज्वारी मागायला हवी होती. त्यांनी माणूस म्हणून वागवण्याची मागणी केली. आणि तळ्याचे पाणी हे पोट की मान? तहान लागते म्हणून ते पोट, आणि ओंजळ भरायला मनाई होती म्हणून तो मान. दोन्ही एकाच ओंजळीत होते.

नोव्हेंबर १९८६ मध्ये याच जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. आलेल्या बाया खुरपे खाली ठेवून आल्या होत्या. मजुरीचा आणि भावाचा प्रश्न होताच. पण बाईच्या नावावर मालमत्ता असावी, गावच्या कारभारात तिचा शब्द चालावा, हेही त्या तिथे बोलल्या. त्यानंतरच्या वर्षांत लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात अनेक शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. सातबारावर तिचे नाव लागणे हे पोट की मान? नवऱ्यामागे तिला घराबाहेर काढता येऊ नये म्हणून ते पोट. आणि जन्मभर जिथे राबली ती जमीन तिची आहे हे सरकारी कागदाने कबूल केले म्हणून तो मान.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी आणि आदिवासी चालत गेले. मुंबई-आग्रा रस्त्याने, याच घोटीवरून आणि पुढे कसारा घाट उतरून. कर्जमाफी, हमीभाव आणि कसत असलेल्या वनजमिनीचे पट्टे या त्यांच्या मागण्या होत्या. पाहणीवाल्याने त्यांना निःसंशय पोटाच्या रकान्यात टाकले असते. ११ तारखेला ते मुंबईत शीवच्या सोमय्या मैदानावर पोहोचले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी रस्ते अडले तर मुलांना परीक्षेला जाता येणार नाही, म्हणून ही मंडळी रात्रीच उठली आणि अंधारात आझाद मैदानाकडे चालू लागली. तळपायाची सालटे निघालेली होती. ज्यांच्याकडे मागायला आले त्या शहराच्या लेकरांची सोय त्यांनी आधी पाहिली. हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

कपाशीवाल्यांसाठी अजून एक. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी मान्यता नसलेले तणनाशक सहन करणारे कपाशीचे बियाणे उघडपणे पेरले. त्या बियाण्याबद्दल या सभेत दोन मते असतील, माझ्या मित्रांतही आहेत. तो वाद आजचा नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की निंदणीचा खर्च वाचवणे ही त्यांची पोटाची मागणी होती, आणि माझ्या वावरात काय पेरायचे हे मी ठरवीन ही स्वातंत्र्याची मागणी होती. ते दोन्ही एका दमात बोलत होते.

पर्यावरणाचेही तेच. झाडे, पाणी, हवा यांची काळजी ही पोट भरलेल्यांची चैन, असे बरीच वर्षे मानले जाई. १९९२ साली गॅलप संस्थेने चोवीस देशांत पाहणी केली, त्यात भारतही होता. गरीब देशांतले लोकही श्रीमंतांइतकीच पर्यावरणाची काळजी करतात असे आढळले. १९९५ साली खुद्द इंगलहार्ट यांनी लिहिले की पर्यावरणाला पाठिंबा दोन वाटांनी येतो. एक, मानाची मूल्ये रुजलेल्या देशांत. दुसरी, जिथे पाणी आणि हवा प्रत्यक्षात नासली आहे तिथे. कोरड्या विहिरीत डोकावणाऱ्या बाईला पाण्याचे मोल कळायला आधी श्रीमंत व्हावे लागत नाही.

त्यात खरे किती?

पण भावांनो, खोट सापडली म्हणून सगळे माप फेकून द्यायचे नसते. टंचाई माणसाचे मन आवळते, हे खरेच आहे. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला ते आजही ताटात भाकरीचा तुकडा टाकू देत नाहीत. खडी फोडायला गेलेले हात, सुकडीची रांग, परदेशी लाल मिलोची भाकरी, हे त्या पिढीच्या अंगात मुरले आहे. तिच्या नातवंडांना मिलो हा शब्दही ठाऊक नाही. नातू म्हणतो, मला नुसते जगायचे नाही, मला हवे तसे जगायचे आहे. आजोबांना ते माजल्यासारखे वाटते. यात दोष कोणाचाच नाही. दोघे दोन वेगळ्या सालांत पेरलेले आहेत. घरात रोज होणारी अर्धी भांडणे या एका गोष्टीने समजून घेता येतात.

आणि गरिबी माणसाला थोर करते असे मी मुळीच म्हणत नाही. उपासमार माणसाला लाचार करते, सावकाराच्या दारात उभे करते, गप्प बसवते. म्हणून तर पोटाची खात्री हवी. त्याच दुष्काळाच्या अनुभवातून महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, तो १९७९ मध्ये अमलात आला. काम मागणे हा हक्क झाला. भाकरी तीच, पण दान म्हणून मिळणारी भाकरी आणि हक्काने मिळवलेली भाकरी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक चार वाक्यांच्या मापात कुठेच पकडता येत नाही.

आपल्या आंदोलनातली शिडी

आता घरचे बोलतो. ही शिडी फक्त परदेशी प्राध्यापकाच्या डोक्यात नाही, आपल्या बैठकांतही आहे. बाईच्या नावावर जमीन करण्याचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतो, आधी भाव मिळू द्या, मग बघू. ग्रामसभेत मजुराला बोलू देण्याचा विषय निघाला की, आधी कर्जमुक्ती होऊ द्या. जमिनीचा कस, विहिरींचे पाणी, औषध फवारताना विषबाधा होणारा माणूस, सगळे आधी भावाच्या मागे रांगेत उभे. भाव तर दर हंगामाला नवा लढा मागतो. म्हणजे त्या रांगेचा नंबर कधी लागायचाच नाही.

सरकारलाही हीच शिडी सोयीची पडते. शेतकऱ्याला फक्त पैसे हवेत, असे एकदा ठरले की खात्यात काही हजार टाकले आणि तोंड बंद झाले, असा हिशेब करता येतो. पैसे घेतले ना, मग धोरण ठरवताना तुम्हाला कशाला विचारायचे? भावाची मागणी मानापासून तोडली की ती भीक होते. मानाची मागणी भावापासून तोडली की ती पोकळ भाषणबाजी होते. या दोन्ही एका दाव्याला बांधलेल्या बैलजोडीसारख्या चालल्या पाहिजेत. एक बैल पुढे नेऊन दुसरा गोठ्यात ठेवला तर तिफण चालत नाही.

आपले माप आपण करू

मग करायचे काय? माझी सूचना अशी की पुढच्या जिल्हा बैठकीपर्यंत प्रत्येक तालुक्याने निदान दोन गावांत स्वतः विचारून यावे. यादी आपल्या जगण्यातली असावी. माझ्या मते ती अशी: पिकाचा खर्च भरून निघेल असा भाव. वर्षभर पुरेल एवढे धान्य आणि औषधपाण्याची सोय. बँकेत आणि कचेरीत माणसासारखी वागणूक. ग्रामसभेत आणि सोसायटीत आपला शब्द ऐकला जाणे. काय पेरायचे आणि माल कुठे विकायचा हे ठरवण्याची मोकळीक. घरच्या बाईच्या नावावर जमीन. पाणी आणि जमिनीचा कस पुढच्या पिढीसाठी राखणे. यात भर घाला, शब्द बदला. फक्त विकणारा आणि घेणारा या दोघांनाही त्यात जागा राहील एवढे पाहा.

विचारताना मातीचा नमुना कसा घेतात ते आठवा. बांधाजवळची माती घेत नाही, झाडाखालची घेत नाही, उकिरड्याची जागा टाळतो. वावरभर नागमोडी फिरून ठिकठिकाणची माती गोळा करतो, तेव्हा कुठे वावराचा खरा कस कळतो. गावात चावडीवर आणि चहाच्या टपरीवर बसलेल्या दहा जणांना विचारले तर तो बांधावरचा नमुना झाला. वस्तीवर जा, भूमिहीनाच्या घरी जा, वाट्याने कसणाऱ्याला विचारा. बायांना वेगळे विचारा आणि विचारायला बाईच जाऊ द्या, कारण नवऱ्यासमोर सुनबाई काय उत्तर देणार ते आपल्याला माहीत आहे. तरुणाला बापाच्या पाठीमागे विचारा.

आधी प्रत्येक गोष्ट किती महत्त्वाची ते विचारा, क्रम लावायला नंतर सांगा. दोन्ही उत्तरे लिहून ठेवा. आणि एकदा विचारून थांबू नका. एकदा पेरणीच्या आधी, हातात पैसा नसताना विचारा. एकदा माल विकल्यावर विचारा. जे उत्तर दोन्ही वेळा तेच राहील तो पोत. जे बदलेल ती ओल. ज्याने उत्तर दिले त्याचे नाव लिहू नका, फक्त वय, बाई की पुरुष आणि जमीन किती एवढे पुरे.

आकडे आले की दोन गोष्टी हाती लागतील. शेतकऱ्याला फक्त पैसा कळतो असे कोणी म्हटले तर दाखवायला आपल्याजवळ आपला कागद असेल. आणि त्याहून महत्त्वाचे, आपल्याच घरात आणि गावात कोणाचे म्हणणे आपण रांगेत मागे ठेवले आहे ते आपल्याला दिसेल. तो आकडा कदाचित आवडणार नाही. माती परीक्षणाचा अहवाल आवडला नाही म्हणून कोणी जमीन बदलत नाही, खत बदलतो.

बाहेरच्या मापाने आपल्याला पोटापुरते मोजले, त्याचा राग धरण्यात वेळ घालवू नका. या हंगामात भावाच्या मागणीचे निवेदन लिहाल तेव्हा त्याच कागदावर, त्याच आकाराच्या अक्षरात, मानाची मागणीही लिहा. आणि खाली सही करताना घरच्या बाईची सही आधी घ्या.

जय किसान!